एकेचाळीस घरांचं पाणी

धाकटा अंगभर साबण लावून उभा होता, तेवढ्यात नळ खोकला, गुरगुरला आणि गप्प झाला.

"ताई!" न्हाणीघरातून हाक आली. अर्थखात्याच्या उपसचिवाचा आवाज इतका केविलवाणा होऊ शकतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. "ताई, पाणी गेलं गं!"

ताईनं काही घाई केली नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, न्हाणीघराच्या दाराशी गेली आणि आपल्या लाँड्रीत उशिरा कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलली, "गेलं नाही, संपलं. तूच लिहिलंयस ना योजनेच्या कागदात? 'पुरवठा खंडित होत नाही, ग्राहकाचा दैनिक वाटा पूर्ण होतो.' पूर्ण झाला वाटा."

आतून आवाज आला, "मग आता?"

"आता उद्या सकाळी सहाला. नाहीतर कार्ड भरून आणायचं. दुकान रविवारी बंद असतं."

बाहेरच्या खोलीत, बायकोबरोबर ताईकडे जेवायला आलेला मधला भाऊ पाटावर बसून टेबलाचा डुगडुगता पाय ठोकत होता. त्याला हसू आवरेना. धाकटा तीन वर्षांनी घरी आला होता, तोही सरकारी कामानं. चार वाजता शाळेच्या सभागृहात पाणी योजनेची जनसुनावणी होती आणि तिथे तो सरकारची बाजू मांडणार होता. सरकारनं परदेशी बँकेकडून कर्ज घेतलं होतं. पाण्यावरचं अनुदान कमी करायचं ही त्या कर्जाची अट, आणि ती पाळायची कशी हे ज्यांनी बसून ठरवलं त्यांच्यात धाकटा होता. घरोघरी प्रीपेड मीटर. माणशी पन्नास लिटर फुकट, त्यापुढे कार्ड. नमुना म्हणून जी चौसष्ट घरांची वस्ती निवडली, ती नेमकी ह्यांचीच निघाली. निवड संगणकानं केली असं धाकटा शपथेवर सांगायचा. ताईचा त्या संगणकावर विश्वास नव्हता.

तेव्हापासून ताई आणि धाकटा एकमेकांना पाण्यात पाहत होते. मधल्याची मात्र पंचाईत. वस्तीतले सगळे मीटर बसवायचं कंत्राट त्याला मिळालं होतं. प्लंबरच्या धंद्यात चौसष्ट घरांचं काम एकदम येत नाही. त्यामुळे ताईसमोर तो मीटरला शिव्या द्यायचा, धाकट्याचा फोन आला की "बरं चाललंय" म्हणायचा, आणि बायकोसमोर गप्प बसायचा. वस्तीत त्याला सगळे नळभाऊ म्हणत.

"अरे, माझ्या लेकराच्या डोळ्यांत साबण जाईल!" आई काठी शोधत उठली. "काहीतरी करा रे!"

आणि मधल्यानं केलं. विचार न करताच केलं. "थांब रे, दोन मिनिटांत देतो," असं म्हणत पिशवी उचलून तो बाहेर गेला, मीटरच्या पेटीशी उकिडवा बसला, मीटरच्या आधीच्या जोडाला आणि नंतरच्या जोडाला हातभर लवचीक नळी लावली आणि पाना दोनदा फिरवला. सरकारी सीलला धक्कासुद्धा लागला नाही. आतून धो धो पाण्याचा आवाज आला. धाकटा चक्क गुणगुणायला लागला.

पिशवीचा बंद बांधता बांधता मधल्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तोपर्यंत ताई दारात उभी होती. तिच्या मागे मधल्याची बायको, आणि तिच्याही मागे ताईची मुलगी. ही भाची वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कुठल्याही गोष्टीकडे कलम शोधल्यासारखी बघायची.

"मामा," भाची म्हणाली, "तुझा हात फार सराईत चालला."

"प्लंबर आहे मी."

"मीटरला वळसा घालायचं कुठल्या अभ्यासक्रमात शिकवतात?"

एवढ्यात धाकटा पंचा गुंडाळून, केस पुसत बाहेर आला. आधी त्यानं समाधानानं मोठा श्वास घेतला. मग त्याच्या डोक्यातलं खातं उघडलं. "दादा, ताईचा वाटा संपला होता ना? मग पाणी आलं कुठून?"

मधल्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. तोंड बोलायचं आणि कान लाल व्हायचे. आता ते इतके लाल झाले की आईनंसुद्धा चष्म्याशिवाय पाहिले.

"ही नळी आत्ता लावली," तो म्हणाला.

"आत्ता लावलीस ते दिसलं," ताई म्हणाली. "याआधी कुठे कुठे लावलीस?"

मधल्यानं पान्याकडे पाहिलं. पान्यानं काही मदत केली नाही.

"किती घरं, दादा?" धाकट्यानं हळूच विचारलं.

"मोजली नाहीत."

"दादा."

"एकेचाळीस."

"काय एकेचाळीस?" आईनं विचारलं.

"बायपास, आई," ताई मोठ्यानं म्हणाली. "ह्यानं एकेचाळीस बायपास केलेत."

"अगं बाई! एवढ्या लोकांना हृदयाचा त्रास? आणि डॉक्टर सोडून ह्याच्याकडे कशाला गेले?"

कुणीही हसलं असतं, पण मधल्याच्या बायकोचा चेहरा पाहून सगळ्यांनी हसू गिळलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि गणित तिच्या डोक्यात आपोआप सुटायचं. "एकेचाळीस घरांना हवं तेवढं पाणी," ती एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आणि आपल्या घरात मी तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, भांड्यांचं पाणी संडासात. परवा मुलीला मी अर्ध्या बादलीत आंघोळ घातली. अहो, आपलं घर बेचाळिसावं होऊ शकलं नाही?"

"आपल्या घरी केलं असतं तर ती चोरी झाली असती," मधला म्हणाला.

ह्या उत्तरावर त्याची बायको इतकी थक्क झाली की भांडण तिथेच अडकलं.

मग त्यानं सांगितलं. सुरुवात मास्तरांपासून झाली होती. निवृत्त मास्तर, त्यांची बायको दोन वर्षांपासून अंथरुणावर. दिवसाला तीन चादरी धुवायला लागायच्या. फुकटचं पाणी दुपारीच संपणार होतं आणि पेन्शन औषधांत. मीटर बसवून मधला निघाला तेव्हा मास्तर म्हणाले, "बसवलंत छान. आता हिला कितव्या चादरीवर ठेवू ते सांगा." दुसऱ्या दिवशी तो नळी घेऊन परत गेला. नंतर जुळी मुलं झालेलं घर. नंतर खाणीत कामाला जाणारे तिघे भाऊ, संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत काळे. असं करत करत एकेचाळीस. शेवटचा तर असा माणूस होता की ज्याच्याशी मधल्याचं बोलणंसुद्धा नव्हतं. पण त्याच्या सुनेला दिवस गेले होते.

"मीटर शून्यावर दिसला तर संशय येईल म्हणून थोडं पाणी मीटरमधून जाऊ द्यायचो," मधला म्हणाला. "कुणाकडून एक पैसा घेतला नाही. कुणाला काही कळलं नाही. सगळं सुरळीत होतं."

धाकट्यानं पंच्यावरच फाइल आणली आणि टेबलावर उघडली. टेबल अजून डुगडुगत होतं. "हे वाच."

"माझा चष्मा..."

"मी वाचतो. 'नमुना वस्तीत सरासरी वापर माणशी एकतीस लिटर. आजारपणात वाढ नाही. तक्रारी नगण्य. सबब, विनामूल्य वाटा पन्नासवरून पस्तीस लिटरवर आणण्यास हरकत नाही.' पुढच्या वर्षी चौदा शहरं, दादा. माझा अख्खा अहवाल ह्या एका तक्त्यावर उभा आहे."

"आणि तक्ता मामाच्या पान्यावर," भाची म्हणाली.

मधल्याला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मी पाणी दिलं म्हणून..."

"तू पाणी दिलंस म्हणून कागदावर असं दिसतंय की लोकांना पाणी लागतच नाही."

मधला मटकन पाटावर बसला. त्याला वाटायचं, आपण एकेचाळीस घरांपुरती एक चूक झाकली. ती चूक चौदा शहरांत जाऊन उभी राहील हे त्याच्या सात पिढ्यांच्या स्वप्नात आलं नसतं.

पण खरा तडाखा अजून बाकी होता, आणि तो ताईकडून आला. ती कपाटातून एक पिशवी घेऊन आली आणि तिनं त्यातला कागद त्याच्या मांडीवर ठेवला. योजनेविरुद्ध खात्याकडे धाडलेल्या तक्रार अर्जाची प्रत. खाली तेवीस सह्या.

"आठ महिने दारोदार फिरले," ती म्हणाली. "कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर अर्ज न्यायचे. तेवीस घरांनी सही केली. बाकीचे म्हणायचे, 'ताई, आमचं बरं चाललंय, उगाच कशाला.' मला वाटलं, भेकड आहेत मेले. मास्तरांशी तर मी बोलणं टाकलं. माझ्याच भावानं त्यांची तोंडं बंद केलीत हे मला काय माहीत!"

चौसष्टातून एकेचाळीस वजा जाता तेवीस. मधल्याच्या बायकोनं ओठ हलवून ते करून पाहिलं आणि मान डोलावली.

"ताईचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्या घरात तीस वर्षांत कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताईलासुद्धा ते कुठे ठेवावं कळेना. "ह्याचंही बरोबर आहे," ती तुटकपणे म्हणाली. "निदान जे करतो ते सहीनिशी करतो." आणि जन्मभर भांडलेले ते दोघे मधल्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मधल्याला दोघांची एवढी जवळीक पहिल्यांदाच दिसत होती, आणि ती त्याच्यावरच चालून आली होती.

सगळे जेवायला बसले. भात गार, भाजी अळणी, बोलणं खमंग.

"आज कुणी काही बोलू नका," धाकटा म्हणाला. आता त्यानं शर्ट घातला होता आणि त्याबरोबर हुशारीही अंगात आली होती. "आजचा दिवस मी निभावतो. पुढच्या महिन्यात आकडे फेरतपासणीला टाकतो, आणि हळूच..."

"बघा!" ताईची युती एवढ्यात मोडली. "हा हळूच, तो गुपचूप. ह्या घरात उघड बोलणारी मी एकटी, म्हणून मीच भांडकुदळ."

"ताई, तू समजून घे. सरकारवर कर्जाचा डोंगर आहे. कुठून तरी कापायलाच हवं ना?"

"काप ना. मी वीस वर्षं कपडे रफू करते, बारक्या. कापायचं तर जिथे कापड दुमडून जाड झालंय तिथे कापतात. आधीच विरलेल्या जागी कात्री घालणाऱ्याला माझ्या दुकानात मी एक दिवस ठेवणार नाही."

बारक्या हे त्याचं घरातलं नाव. आता तो सहा फूट उंच होता आणि खात्यात त्याच्यासाठी चार माणसं उठून उभी राहत, पण ताईनं बारक्या म्हटलं की तो अजूनही नकळत मान खाली घालायचा.

"मामानं सांगितलं तर त्याचा परवाना जाईल," भाची बोटं मोजत म्हणाली. "दंडही होईल. नाही सांगितलं तर चौदा शहरं. पाणी मिळणं हा माणसाचा हक्क आहे, मामा, पण तो तू लपूनछपून वाटलास ना, तर तो हक्क राहत नाही. तुझी मेहेरबानी होते. तू उद्या पडलास-झडलास तर?"

"मला नळी काढता येते," मधला पुटपुटला, "भाषण करता येत नाही."

तेव्हा आई बोलली. बायपासचा अर्थ तिला सुनेनं आमटी वाढता वाढता समजावून दिला होता.

"तुमचे वडील नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते," ती म्हणाली. जणू हे कुणाला माहीत नव्हतं. "खालच्या आळीला पाणी पोचायचं नाही म्हणून रोज दहा मिनिटं व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवायचे. चोरून. नऊ वर्षं. मला वाटायचं, केवढा देवमाणूस. रिटायर झाले आणि नव्या माणसानं घड्याळ लावून व्हॉल्व्ह बंद केला. खालची आळी भांडायला गेली, तर साहेब म्हणाले, 'नऊ वर्षं पुरत होतं, आत्ताच काय झालं?' नवी पाइपलाइन मंजूर व्हायला मग अकरा वर्षं लागली." तिनं मधल्याच्या ताटात भाताचा शेवटचा घास ढकलला. "शेवटी शेवटी म्हणायचे, 'व्हॉल्व्ह उघडला तेव्हा तोंडही उघडायला हवं होतं.' जेव नीट. रिकाम्या पोटी बोललास तर चक्कर येईल."

चार वाजता सभागृह भरलं होतं. मधला मागच्या भिंतीशी उभा राहिला. समोर व्यासपीठावर अध्यक्षबाई, त्यांच्याशेजारी धाकटा, त्याच्या मागे पडद्यावर तक्ता, त्यात ठळक अक्षरांत एकतीस. पहिल्या रांगेत मास्तर. मधल्याला वाटलं, धाकट्यानं निदान एकदा इकडे बघावं. धाकटा फाइलीतून मान वर काढत नव्हता.

"कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ताईचा हात वर गेला, पण ती उठायच्या आत मधला बोलला. आवाज फाटला आणि पहिले दोन शब्द कुणाला कळले नाहीत. "तो आकडा," त्यानं पुन्हा सांगितलं, "खोटा आहे. मी पाडलाय तो."

मग त्यानं सगळं सांगितलं. भाषण असं ते नव्हतंच. अर्धं प्लंबिंग होतं. नळी किती जाडीची, जोड कुठला, पाना किती नंबरचा. पण लोक ऐकत राहिले. कुणाचं नाव त्यानं घेतलं नाही, फक्त काय काय धुवायला लागतं ते सांगितलं. चादरी, लंगोट, खाणीतले कपडे.

"घरांची यादी द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"यादी नाही. हाताला आठवतात."

अध्यक्षबाई धाकट्याकडे वळल्या. "उपसचिव, हा तक्ता ग्राह्य धरायचा का?"

धाकट्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. मधल्याला तो क्षणभर अगदी लहान दिसला, शाळेत पहिल्यांदा गेला त्या दिवसासारखा. इथे नाही म्हणायचं म्हणजे वर्षभराचं काम आणि बहुधा पुढची बढती पाण्यात.

"नाही," धाकटा म्हणाला. "तक्ता रद्द समजावा. हे जे सांगतायत ते माझे सख्खे भाऊ आहेत, हेही नोंदवून घ्या. आणि 'तक्रारी नगण्य' हे मी लिहिलं तेव्हा माझ्याच बहिणीचा अर्ज माझ्याच टेबलावर तीन महिने पडून होता, तेही."

ताईचा वर गेलेला हात अजून तसाच होता. ती तो खाली घ्यायला विसरली होती.

निकाल अगदी सरकारी लागला. वाटा पस्तीसवर आणायचा प्रस्ताव थांबला, मीटर थांबले नाहीत. नव्यानं पाहणी करायची, तोवर पन्नास लिटर कायम. आजारी माणूस असलेल्या घरांचा वेगळा विचार व्हावा अशी शिफारस. मधल्याचा परवाना सहा महिने बंद, शिवाय पंधरा दिवसांत सगळ्या नळ्या काढायच्या. कुणी काढायच्या, तर मधल्यानंच, कारण दुसऱ्या कुणाला त्या सापडणार नव्हत्या.

"परवाना नसलेल्या प्लंबरनं एकेचाळीस घरांत काम करायचं," भाची म्हणाली. "असा हुकूम मी पहिल्यांदाच बघतेय."

धाकट्यानं चार दिवसांची रजा टाकली. नवी पाहणी खात्यातून कुणी दुसरा करेल, असं वरून कळवलं होतं. हा म्हणाला, दुसरा येईपर्यंत मी सुरू करतो. सोमवारी सकाळी तिघं भावंडं मास्तरांच्या घरी पोचली. मधल्याच्या हातात पाना, ताईकडे अर्ज, आणि धाकट्याकडे लाँड्रीतून उचललेली, लिटरच्या खुणा असलेली बादली.

मास्तरांनी न विचारता सही केली. ताईनं त्यांची माफी मागितली, म्हणजे तिच्या पद्धतीनं, त्यांच्या सदऱ्याची कॉलर बघून म्हणाली, "हा द्या इकडे, उलटून देते." मधल्यानं नळी काढली. धाकटा बाह्या सरसावून खाटेशेजारी स्टुलावर बसला आणि अंथरुणावरच्या बाईंना एकेक विचारत गेला. चादरी किती. अंग पुसायला किती. औषधाबरोबर किती. दर वेळी तो बादलीत पाणी मापून कागदावर आकडा लिहायचा.

"आणखी काही?"

बाई जरा घुटमळल्या. "केस," त्या म्हणाल्या. "केस धुवायचेत. वर्ष होत आलं."

मधला दारातून वळला. "काकू, पाणी होतं की तुमच्याकडे! मी नळी लावली होती ना?"

"होतं रे बाळा. पण ते असं लपवलेलं. चादरीचं ठीक आहे, चादर धुवावीच लागते. केसांसाठी कसं मागायचं? लाज वाटायची."

मग ताईनं पदर खोचला, बाईंच्या मानेखाली हात घातला आणि डोकं अलगद खाटेच्या कडेला घेतलं. मधल्यानं खाली तसराळं धरलं. मास्तर साबण शोधायला धावले आणि तीन कप्पे उलटेपालटे करून आले. धाकट्यानं तांब्या भरला, आणि पाणी सोडता सोडता मोठ्यानं मोजायला लागला.

"अकरा लिटर," शेवटी तो म्हणाला आणि ओल्या हातानंच कागद ओढला.

बाईंनी डोळे मिटलेले होते. "फेस राहिलाय अजून मागे," त्या म्हणाल्या. "बारा लिहा."